घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन बंद होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला चर्च आणि कुटुंबाबद्दलचा लेख रात्री वाचला, सकाळी परत वाचला आणि डबा भरायचा सोडून हे लिहायला बसले. लेखात एक वाक्य अगदी सहज टाकून दिलंय, की घटस्फोट झालेल्यांना कॅथलिक चर्चमध्ये कम्युनियन, म्हणजे मिस्सात (चर्चच्या प्रार्थनाविधीत) फादर देतात ती पवित्र भाकर, मिळत नाही. साहेब, हे साफ चूक आहे. आणि ह्याच चुकीच्या समजुतीपायी मी चार वर्षं नुसती बाकावर बसून काढलीत, म्हणून गप्प बसवत नाही.

मी मूळची वसईची, लग्न होऊन बडोद्याला आले. नवऱ्याचं पिणं, मारणं ते सगळं इथे लिहीत नाही. कोर्टातून घटस्फोट मिळून सुटले तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. नात्यातल्या एका बाईंनी तेव्हाच सांगितलं, आता मिस्साला जा पण कम्युनियन घेऊ नकोस हं, तुला चालत नाही. मी कुणाला विचारलंपण नाही, विचारायचीच लाज वाटायची. दर रविवारी कम्युनियनची वेळ झाली की माझ्या बाकावरचे सगळे उठायचे, मी गुडघे आडवे करून त्यांना वाट द्यायचे, ते परत आले की पुन्हा गुडघे आडवे. मुलगा सात वर्षांचा झाला, कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला जायला लागला, आणि एका रविवारी भर मिस्सात मोठ्याने म्हणाला, आई, तू का नाही जात?

पुढच्या बाकावर एक मावशी बसायच्या, गुजराती, रिटायर्ड नर्स. त्यांनी ऐकलं. मिस्सा संपल्यावर गेटपाशी माझा हात धरला, दीकरी, तुं केम नथी जती? मी रडत रडत सांगितलं. मावशी काही बोलल्या नाहीत, हात न सोडता सरळ फादरांकडे घेऊन गेल्या. फादर नवीनच बदलून आलेले. त्यांनी एकच विचारलं, दुसरं लग्न केलंस का? नाही म्हटलं. मग तुला अडवलंय कुणी, कन्फेशन (पापांची कबुली) कर आणि ये, म्हणाले. चार वर्षं, आणि उत्तर दोन मिनिटांचं!

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्येच लिहून ठेवलंय की घटस्फोट होऊनही ज्याने दुसरं लग्न केलं नाही त्याला कम्युनियनसारखे चर्चचे संस्कार घ्यायला आडकाठी नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'अमोरिस लेतिशिया' ह्या कुटुंबावरच्या लिखाणात तर म्हटलंय की अशा माणसांना कम्युनियन घ्यायला उत्तेजन द्या, त्यांना त्यातूनच बळ मिळतं. अडचण येते ती पहिलं लग्न चर्चच्या कोर्टाने अवैध ठरवलेलं नसताना दुसरं केलं तर. आणि तेही चर्चबाहेर टाकलेले नसतात, फादरांनी त्यांच्याबरोबर बसून एकेकाचं नीट ऐकून घ्यायचं असतं. ते कोर्टाचं कामही २०१५ पासून सोपं झालंय, आधी दोन कोर्टांचा एकसारखा निकाल यावा लागायचा, आता एकाचा पुरतो, आणि होईल तितकं फुकट करा असंही पोपनीच सांगितलंय. हे लेखात यायला हवं होतं, लोकांच्या उपयोगाचं हेच होतं.

पॅरिश, म्हणजे आपल्या भागातलं चर्च, मोडक्या घरांना कसा आधार देते असं लेखात मोठं मोठं लिहिलंय. मी सांगते कसा देते. माझी रविवारची शिफ्ट असायची तेव्हा दोन वर्षं मावशींनी माझ्या मुलाला कॅटेकिझमला नेलं आणलं. आमच्या कम्युनिटीची, म्हणजे आसपासच्या कॅथलिक घरांची, महिन्याची प्रार्थना पहिल्यांदा माझ्या भाड्याच्या खोलीत झाली तेव्हा बाराजण आले, चटईवर दाटीवाटीने बसले, जपमाळेची प्रार्थना म्हटली, नवरा कुठेय हे एकानेही विचारलं नाही. एका काकांनी येतानाच दुधाच्या दोन पिशव्या आणल्या होत्या, बाराजणांच्या चहाचं दूध माझ्याकडे नसणार हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी आत स्टोपाशी जाऊन रडले.

आपल्या चर्चवाल्यांनाही एक सांगायचंय. नाताळनंतरच्या पवित्र कुटुंबाच्या सणाला जोडप्यांना पुढे बोलावून गुलाब देतात, टाळ्या होतात, चांगलंच आहे. पण त्याच दिवशी आमच्यासारख्या एकट्या आयांसाठी, विधवांसाठी, दुसऱ्या लग्नाची माणसं मागे उभी असतात त्यांच्यासाठी एक प्रार्थना तरी मोठ्याने म्हणा ना. दरवर्षी ते गुलाब बघून मुलगा माझ्याकडे बघतो.

आणि तो फोटो! बर्फातलं कुठलंतरी फॉरेनचं चर्च कशाला छापलंत? आम्ही वसईचे लोक चर्चला देऊळच म्हणतो, मिस्सा मराठीत ऐकत मोठे झालो, तरी इथे ऑफिसात अजून विचारतात, तुम्ही मराठी कशा? असले फोटो छापले की लोकांना आम्ही बाहेरचेच वाटणार.

कृपया चुकीची दुरुस्ती छापा, आणि त्याच रविवारच्या पानावर छापा, आतल्या कोपऱ्यात नको. तो लेख वाचून येत्या रविवारी एखादी बाई बाकावरच बसून राहील.

आपली,
एक वाचक, मांजलपूर, बडोदा