तारखेचा क्रम अंदाजावर सोडू नये

माननीय संपादक,

सीमाभागातील पतसंस्था, शाळा आणि दवाखाने यांच्यासाठी आता स्थानिक तरुणच संगणकप्रणाली तयार करून देऊ लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत व्यवहार चालणाऱ्या या भागात तारखेची हाताळणी फार काळजीपूर्वक व्हायला हवी.

आपल्याकडे ०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल. इंग्रजी अंकांत टंकलेली हीच तारीख जावास्क्रिप्ट या संगणकभाषेला थेट वाचायला दिली, तर ब्राउझर तिचा अर्थ सहसा अमेरिकी रीतीने ४ मार्च असा लावतात. तेरा तारखेपासून पुढे तेवढे महिनेच नसल्याने चूक लगेच उघडी पडते. त्याआधीच्या तारखांत ती मुकाट्याने खपून जाते. त्यामुळे १, २ किंवा ३ एप्रिलला ठेवलेली ठेव मागील आर्थिक वर्षात गेलेली दिसते, आणि सभासदाचे व्याज व संस्थेचा ताळेबंद दोन्ही चुकतात.

दाखवण्याच्या बाजूलाही अशीच अडचण आहे. मराठी लोकेल (म्हणजे भाषा व प्रदेशानुसार तारीख-अंक दाखवण्याची ठेवण) मागितले की जावास्क्रिप्ट तारीख देवनागरी अंकांत देते, कन्नड लोकेलमध्ये मात्र इंग्रजी अंकांत. पावतीवर देवनागरी अंक असावेत, असा माझा आग्रहच आहे. पण पावतीवरचा तोच मजकूर पुढे हिशेबासाठी पुन्हा वाचला, तर तो तारीख म्हणून ओळखला जात नाही. पायथन या दुसऱ्या संगणकभाषेत लोकेल बदलले की ते चालू असलेल्या संपूर्ण प्रोग्रामसाठी बदलते, म्हणून एकाच सर्व्हरवर खानापूरच्या ग्राहकाला मराठी आणि शेजारच्या ग्राहकाला कन्नड महिने दाखवण्यासाठी तो मार्ग धोक्याचा आहे. जावा या संगणकभाषेत तारखेच्या प्रत्येक मांडणीला स्वतंत्र लोकेल देण्याची सोय आहे, ती मला अधिक योग्य वाटते.

साठवताना वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम वापरावा आणि लोकेल केवळ दाखवताना, तेही कोणते ते स्पष्ट नमूद करून द्यावे, हे बेळगाव-निपाणीच्या महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकातच शिकवावे. संस्थाचालकांनीही नवी प्रणाली ताब्यात घेण्यापूर्वी ३ एप्रिलची एक नोंद करून, ती तिन्ही भाषांतील पावत्यांवर आणि वार्षिक अहवालात कशी उतरते, हे स्वतः पाहावे.

आपली,
एक संगणक शिक्षिका, खानापूर