काँक्रिट ओतण्याआधी गल्लीला नकाशा दाखवा

महोदय,

डांबरी रस्त्यात राहिलेली चूक पुढच्या पावसाळ्याआधी खरवडून काढता येते. काँक्रिटच्या रस्त्याचा आराखडा मात्र 30 वर्षांचे आयुष्य धरून करतात आणि त्यात राहिलेली चूक तितकीच वर्षे गल्लीच्या पदरात पडते. मुंबई महापालिकेच्या ताब्यात साधारण 2,050 किलोमीटर रस्ते आहेत. ते टप्प्याटप्प्याने काँक्रिटचे करायचे धोरण ठरले आहे आणि त्याला या पत्रात विरोध नाही. मागणी एवढीच, की कुदळ पडण्याच्या किमान 21 दिवस आधी कामाचा नकाशा त्या गल्लीतच लावावा आणि रहिवाशांना बरोबर घेऊन तो एकदा पायी फिरून तपासावा.

लोकांना नकाशे कळत नाहीत, असे यावर हमखास ऐकवले जाते. फेब्रुवारी 2015 मध्ये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातल्या चुका नागरिकांनीच शोधून काढल्या होत्या. उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते, गायब झालेल्या वारसा वास्तू लोकांनी बोट ठेवून दाखवल्या. हजारो हरकती आल्या, मसुदा बाजूला ठेवावा लागला आणि सुधारित आराखडा 2018 मध्ये लागू झाला. एवढ्या मोठ्या शहराचा नकाशा ज्यांनी वाचला, त्यांना आपल्या दारातल्या 200 मीटर रस्त्याचा वाचता येईलच. अडचण अशी, की विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवण्याची 1966 च्या नगररचना अधिनियमात सोय आहे. गल्लीतल्या रस्त्याच्या कामाला तशी कोणतीही पायरी नाही. गल्लीला काम कळते ते पत्रे लागल्यावर.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक असते रस्त्याच्या पातळीची. सर्वांत खाली दाबलेल्या खडीचा थर सुमारे 15 सेंटीमीटर, त्यावर कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रिटचा म्हणजे डीएलसीचा थर 15 सेंटीमीटर आणि वर मुख्य स्लॅब 25 ते 30 सेंटीमीटर, अशी साधारण रचना असते. बेरीज 55 ते 60 सेंटीमीटर होते. रस्ता आहे त्याच पातळीवर राहायचा, तर तितके खोल खणलेच पाहिजे. प्रत्यक्षात 40 सेंटीमीटरवर पाण्याची जुनी लाइन किंवा विजेची केबल लागते. ती हलवणारे खाते वेगळे असते, त्याचा माणूस वेळेवर येत नाही, पावसाळ्याआधी काम संपवायची 31 मेची मुदत जवळ येत असते. मग खोदाई तिथेच थांबते, थर मात्र पूर्ण जाडीचे पडतात आणि रस्ता 15-20 सेंटीमीटर वर येतो. जुन्या चाळींची आणि दुकानांची जोती रस्त्यापासून एक-दीड वीत उंच असतात. पहिल्या मोठ्या सरीत पाणी उंबऱ्यावर येते. त्यानंतर रहिवासी उंबरा वाढवतात, दुकानदार विटांची आडभिंत घालतात आणि ते पाणी शेजारच्या दारात जाते.

हे आधी पकडायला यंत्र लागत नाही. गवंड्याची लेव्हल ट्यूब पुरते: 15 मीटर पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, आत एकही बुडबुडा नाही याची खात्री आणि दोन माणसे. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते. जोत्यापासून बरोबर 1 मीटर वर कुंपणभिंतीवर ऑइलपेंटची रेघ मारायची, तीच पातळी नळीने गल्लीभर पुढे न्यायची आणि प्रत्येक फाटकापाशी रेघेपासून खाली रस्त्यापर्यंतचे अंतर वहीत लिहायचे. कामाआधी 1.40 मीटर होते आणि नकाशातल्या पातळीप्रमाणे 1.25 राहणार असेल, तर रस्ता 15 सेंटीमीटर चढतो आहे. हे कागदावर दिसले, की दुरुस्ती पेन्सिलीने होते. स्लॅब पडल्यावर तीच दुरुस्ती ब्रेकरने करावी लागते आणि ती कोणी करत नाही.

पातळीइतकेच उताराकडे पाहावे. 6 मीटर रुंदीच्या गल्लीत मध्यभाग कडांपेक्षा सुमारे 6 सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे 2 टक्के उतार. पाणी कडेला आले, की ते गटाराच्या जाळीत पडले पाहिजे. जाळीचे तोंड रस्त्याच्या कडेपेक्षा दीड-दोन सेंटीमीटर खाली असावे लागते. अनेक ठिकाणी ते चेंबरच्या जुन्या मापाने बसवतात आणि नवा स्लॅब त्याच्या खाली राहतो. जाळी कोरडी आणि तिच्याभोवती तळे, हे दृश्य मुंबईकराला सांगावे लागत नाही. 200 मीटर लांब, 6 मीटर रुंद गल्लीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 60,000 लिटर पाणी होते, म्हणजे 10,000 लिटरचे सहा टँकर. हा फक्त रस्त्यावरचा पाऊस. गच्च्यांचे आणि आवारांचे पाणी वेगळे. शहराच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ब्रिमस्टोवॅड या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या प्रकल्पात ती क्षमता 50 मिलिमीटरपर्यंत न्यायची ठरली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. भरतीच्या वेळी समुद्राकडची तोंडे पाणी घेत नाहीत, तेव्हा गल्लीतले पाणी गल्लीतच थांबते. ते कोणत्या कोपऱ्यात आणि किती तास थांबते, हे त्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याला सल्लागार कंपनीपेक्षा नेमके ठाऊक असते. पायी फेरीत त्यालाच आधी विचारावे.

दुसरी चूक जमिनीखालची. काँक्रिट पडून वर्ष होत नाही तोच चर खणला जातो, याचे मूळ बहुतेक वेळा इमारतींच्या नळजोडण्यांत असते. मुख्य लाइन बदलली जाते. तिच्यापासून इमारतीपर्यंत आलेला गंजलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप तसाच राहतो. तो पुष्कळदा पावसाळी गटाराच्या आतून गेलेला असतो. पाइपाला भोक पडले, की पाणी नसलेल्या वेळात गटारातले पाणी आत ओढले जाते आणि सकाळी पहिली दहा मिनिटे नळाला गढूळ, वासाचे पाणी येते. म्हणून काँक्रिटच्या आधी प्रत्येक सोसायटीने परवानाधारक प्लंबरकडून आपली जोडणी उघडून पाहावी आणि गंजलेली असेल तर गटाराला वळसा घालून नवी टाकावी. हा खर्च सोसायटीचा आहे आणि तो तिनेच करावा. ‘महापालिका बघेल’ म्हणून बसणाऱ्या सोसायटीमुळे पुढे सगळ्या गल्लीचा स्लॅब फुटतो.

मलवाहिनीची तपासणी आणखी सोपी आहे. इमारतीच्या चेंबरमध्ये खाण्याचा गडद रंग कालवलेले बादलीभर पाणी ओतायचे आणि रस्त्यावरच्या मलवाहिनीच्या आणि पावसाळी गटाराच्या अशा दोन्ही मॅनहोलांवर माणूस उभा करायचा. झाकण महापालिकेच्या कर्मचाऱ्यानेच उघडावे; रहिवाशांनी त्याला हात लावू नये आणि कोणीही आत उतरू नये. रंग मलवाहिनीत दिसला तर ठीक. पावसाळी गटारात दिसला, तर त्या इमारतीचे सांडपाणी थेट नाल्यात जाते आहे. मिठी असो की पोयसर, नद्यांत येणारी पुष्कळ घाण अशा जोडण्यांतूनही येते. रस्ता उघडा असताना ही जोडणी एका दिवसात बदलता येते.

अरुंद गल्लीत पूर्ण रुंदीचा स्लॅब टाकूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन्ही कडांना 60-60 सेंटीमीटरची पट्टी 80 मिलिमीटर जाडीच्या पेव्हर ब्लॉकची ठेवावी आणि नळ, वीज, गॅस, इंटरनेटच्या वाहिन्या तिच्याखाली न्याव्यात. ब्लॉक उचलून काम करता येते आणि पुन्हा बसवता येतात. रस्ता ओलांडणाऱ्या वाहिन्यांसाठी दर इमारतीसमोर एक-दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवावेत, त्यांत ओढतार (पुढे केबल ओढून घ्यायची तार) असावी आणि कर्बवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या दगडावर, रंगाने खूण असावी. ही खूण फार महत्त्वाची. पाइप टाकलेले असतात, पण कुठे आहेत हे पाच वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही आणि पुन्हा खोदाई होते.

प्रत्यक्ष काँक्रिटिंग बहुधा रात्री होते. रहिवाशांनी तिथे देखरेख करत उभे राहावे, अशी अपेक्षा नाही. ते अभियंत्याचे काम आहे. पण तीन गोष्टी कोणालाही पाहता येतात. रेडीमिक्सच्या गाडीबरोबर चलन असते. त्यावर ग्रेड, म्हणजे काँक्रिटच्या ताकदीचा दर्जा, आणि मिक्स भरल्याची वेळ असते. मुख्य स्लॅबला एम-40 लागते. पाणी मिसळल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. वाहतुकीत अडकलेली गाडी उशिरा येते, माल घट्ट झालेला असतो आणि मग ड्रममध्ये पाइपाने पाणी सोडतात. तिथे ताकद जाते. दुसरी गोष्ट सांध्यांची. साधारण दर साडेचार मीटरवर कटरने आडवा छेद घ्यावा लागतो, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका खोल, आणि तोही काँक्रिट कटरला पेलू लागताच. उशीर झाला, की स्लॅब आपल्या मनाने तडकतो आणि ती भेग नागमोडी जाते. तिसरी, पाणी मारणे. किमान 14 दिवस गोणपाट ओले हवे किंवा वाफे करून पाणी साठवलेले हवे. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी गोणपाटाला हात लावून पाहावा. कोरडे असेल, तर त्याच वेळी फोटो काढून दुय्यम अभियंत्याला पाठवावा.

झाडांबद्दल थोडक्यात. बुंध्याला चिकटून काँक्रिट टाकू नये. दिल्लीच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच भोवताली 1 मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले आहे. त्याहून मोठे नुकसान जेसीबीने मुळे तोडण्याचे असते. ते दिसत नाही, जूनच्या वाऱ्यात पर्जन्यवृक्ष गाडीवर आडवा झाल्यावर कळते. झाडाजवळचा चर हाताने खणावा आणि जाड मूळ लागले तर पाइप त्याच्या खालून न्यावा.

हे सगळे माहितीच्या अधिकारातून मिळते, असे कोणी म्हणेल. 2005 च्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कसुद्धा आहे. पण उत्तराची मुदत 30 दिवस. तोपर्यंत 200 मीटरची गल्ली खणून, भरून, ओतून झालेली असते. म्हणून माहिती मागण्याआधी ती कामाच्या जागी लावलेली हवी.

त्यासाठी नवी यंत्रणा नको. 74 व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. मुंबई महापालिका अधिनियमाप्रमाणे या समितीवर नगरसेवकांबरोबर विभागाचा अधिकारी असतो आणि स्वयंसेवी किंवा स्थानिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. प्रत्येक समितीने या तीन जागा भराव्यात, त्यांतली एक तरी रस्ते-पाण्याच्या कामातल्या जाणकाराला द्यावी आणि आपल्या भागातल्या रस्त्यांची यादी काम सुरू होण्याआधी समितीपुढे ठेवावी. पायी फेरीला रस्ते, जलअभियंता, मलनिःसारण, पर्जन्य जलवाहिन्या आणि उद्यान या पाचही खात्यांचा माणूस एकाच दिवशी हजर असावा. दोन तासांचे काम आहे. फेरीत नोंदलेल्या प्रत्येक मुद्द्यासमोर ‘मान्य’ किंवा ‘अमान्य, कारण’ असे लिहून त्यावर अभियंत्याची सही असावी आणि कंत्राटदाराचे अंतिम बिल निघण्याआधी तोच कागद पुन्हा तपासावा.

रहिवाशांनीही काही पथ्ये पाळायला हवीत. फाटकाचा रॅम्प आपल्या हद्दीत संपला पाहिजे. तो रस्त्यावर आला, की कडेचे पाणी अडते. पार्किंगच्या जागेवरून फेरीत वाद घालू नये, त्यात मुख्य काम राहून जाते. आणि फेरीला भाडेकरू, तळमजल्यावरचे दुकानदार, कोपऱ्यावरचा फेरीवाला यांनाही बोलवावे. पाणी आधी त्यांच्याकडे शिरते.

रस्त्यांची नवी कामे पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात सुरू होतात. त्याआधी गणेशोत्सवात गल्लीतले सगळे जण मंडपात एकदा तरी येतात. यंदा ज्या गल्ल्यांची कामे निघणार आहेत, त्यांचे नकाशे विभाग कार्यालयांनी त्या-त्या मंडळाकडे द्यावेत. एका मोठ्या कागदावर जुनी आणि नवी पातळी, जाळ्यांच्या जागा, वाहिन्यांचे मार्ग, वाचवायची झाडे, थरांची जाडी, दोषदायित्वाचा कालावधी (कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) आणि जबाबदार अभियंत्याचा कार्यालयीन दूरध्वनी, एवढे मावते. शेजारी एक वही आणि दोरीला बांधलेले पेन ठेवावे. विसर्जनानंतर ती वही दुय्यम अभियंत्याने येऊन घेऊन जावी आणि पायी फेरीची तारीख त्याच वेळी मंडपाच्या फळ्यावर लिहावी.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, रस्ते व जलनिःसारण कामांतील सहकाऱ्यांच्या वतीने
गोरेगाव (पूर्व), मुंबई