ताप आला तर कळवायला सांगणाऱ्या अक्कांना

अक्का, नमस्कार.

गणपतीआधी बेळगावच्या वडगावातल्या आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात उजव्या हाताची शीर सापडेना म्हणून ज्याला दोनदा टोचावं लागलं, तो मी. फॉर्मवर न वाचताच सगळीकडे 'नाही' अशी खूण केली होती. तुम्ही तो पुढ्यात ओढून एकेक प्रश्न वाचून दाखवलात. मागं रांग खोळंबलेली. खरं सांगतो, रागच आला होता. उठताना चिठ्ठी दिलीत, पिशवीचा नंबर आणि फोन नंबर लिहिलेली. "ज्वर बंद्र फोन माड्री," म्हणालात, आणि मग मराठीत, "ताप आला तर कळवा, लाजू नका."

रविवारी रक्त दिलं, मंगळवारी ताप फणफणला, डोळ्यांमागे ठणका. चिठ्ठी शर्टासकट धुण्यात निघाली होती, आईनं वाचवली. रात्री साडेनऊला फोन केला. तुम्ही फक्त पिशवीचा नंबर विचारलात. दहा मिनिटांत उलट फोन आला: लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट, तिन्ही इथंच आहेत, बाजूला काढले. बुधवारी डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

मला वाटायचं, रक्तपेढीत सगळंच तपासतात. सक्तीच्या तपासण्या पाचच: एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, सिफिलिस, मलेरिया. डेंग्यू, चिकुनगुन्या त्यात नाहीत, हे तुम्हीच नंतर सांगितलंत. शिवाय डेंग्यूचा विषाणू ताप यायच्या एक-दोन दिवस आधीच रक्तात असतो, आणि पुष्कळांना तर ताप येतच नाही. म्हणजे त्या रविवारी मी ठणठणीत होतो, पिशवी नव्हती. प्लेटलेट टिकतात जेमतेम 5 दिवस, त्यात पावसाळ्यात त्यांच्यासाठी धावाधाव. माझ्या बुधवारपर्यंत कुणाला तरी चढल्या असत्या. कुणाला, हे मनातून जात नाही.

डास कुठला तेही सापडलं. नळाला पाणी कधी येईल नेम नाही, म्हणून मागच्या दारी बॅरल भरलेला असतो. टॉर्च मारला तर अळ्या वळवळत तळाला गेल्या. झाकण कुठं? मंडपाची ताडपत्री दाबायला मीच नेलेलं.

बरं झाल्यापासून 6 महिने थांबा म्हणालात, थांबतोय. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथाआधी शिबिर असतं, तेव्हा येतो. फॉर्म वाचून भरीन, आणि डावा हात पुढं करीन.

तुमचा,
वडगावचा एक रक्तदाता