जपानला जाताय? दोन रात्री गरम पाण्याच्या गावात काढा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जपानच्या सहलीवरचा लेख वाचला, चांगला होता, पण परत तेच टोकियो, क्योटो, ओसाका आणि फुजीचा फोटो. आता आमच्या संगमेश्वर-चिपळूणकडची माणसंही जपानला जायला लागलीत, कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला, कुणाची सून शिकायला, आणि सगळे तीन शहरं बघून परत येतात. आमची भाची ओसाकाजवळ राहते म्हणून मला आणि ह्यांना ग्रुप टूरशिवाय फिरता आलं, तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगते की शहरांचे दोन दिवस कमी करा आणि डोंगरातल्या गरम पाण्याच्या गावाला द्या. ज्याच्या तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडीची कुंडं आहेत त्याने तर नक्कीच.

आधी तारखांचं बघा. आपल्याकडे मुलांना मे महिन्याची सुट्टी म्हणून लोक एप्रिलच्या शेवटाला तिकिटं काढतात आणि नेमकी २९ एप्रिल ते ५ मे तिकडे गोल्डन वीकची सुट्टी असते, सगळा जपान बाहेर पडतो, हॉटेलं महाग आणि गाड्या भरलेल्या. ती गर्दी ओसरली की महिनाअखेरपर्यंत हवा सुंदर. बागायतदार मात्र आंबा उतरून झाल्याशिवाय हलत नाहीत आणि जूनमध्ये तिकडेही पाऊस लागतो, तर त्यांनी सरळ नोव्हेंबर धरावा, पानं लाल होतात ती बघायची असतील तर क्योटोचं बुकिंग खूप आधी करावं. आणि हो, भाचीला हापूसची पेटी न्यावी असं मनात येणारच, पण नेऊ नका. फळमाशीच्या भीतीने आपला आंबा तिकडे १९८६ पासून २००६ पर्यंत बंदच होता, आता वाफेची प्रक्रिया केलेला, सर्टिफिकेटवालाच चालतो. घरची पेटी विमानतळावर काढून घेतील.

शहरांबद्दल फार लिहीत नाही, त्याची माहिती सगळीकडे मिळते. सुइका किंवा इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड घ्या, लोकल, बस, दुकान सगळीकडे चालतं. रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्येच जवळजवळ ३० हजार येनवरून ५० हजारांवर गेला, टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेनचं एकेरी तिकीट साधारण १४ हजार, म्हणजे जाऊन येऊन २८, मग पास कशाला, पण आपले एजंट अजून तोच गळ्यात मारतात. मोठ्या बॅगा घेऊन फिरू नका. हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की कुरियरने बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते, तुम्ही एका रात्रीचे कपडे पिशवीत घ्या आणि मोकळे गावाकडे निघा. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतात, स्वतःचा कचरा पिशवीत घालून हॉटेलवर आणायचा.

आता गाव. आमचं वाकायामाला जाणं झालं ते भाचीमुळे. महाराष्ट्र शासनाने या प्रांताशी २०१३ सालीच पर्यटनासाठी करार केलाय, तरी आपल्या लोकांना नाव माहीत नाही. ओसाकाहून समुद्राच्या कडेने गाडी जाते, तानाबेला उतरायचं, तिथून डोंगरात बस. बस दिवसातून मोजक्याच, वेळापत्रक आधी बघून ठेवा आणि रोख पैसे जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालेल असं नाही. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, उतारावर मिकानच्या, म्हणजे संत्र्याच्या जातीच्या फळाच्या बागा, धो धो पाऊस, खिडकीतून बघताना ह्यांना सारखं कशेडी घाट उतरल्यासारखं वाटत होतं. तिथे कुमानोच्या जुन्या यात्रेच्या वाटा आहेत, २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, आणि त्या वाटेवर युनोमिने नावाचं चिमुकलं गाव. मधून ओढा, ओढ्यात लाकडी खोपट्यात त्सुबोयु नावाचं दगडी कुंड, दोन माणसं बसतील एवढंच, नंबर घेऊन अर्धा तास मिळतो. जागतिक वारशात असलेल्या कुंडात चक्क आंघोळ करता येते. वारीतून आलेले लोक शेकडो वर्षं तिथे अंग धुऊन मग देवाला जायचे. शेजारी नव्वद डिग्रीच्या वर तापलेल्या पाण्याचा हौद, दुकानातून जाळीतली अंडी घ्यायची, दोरीने सोडायची आणि उकडून झाली की तिथेच कट्ट्यावर खायची.

जवळच कावायु, तिथे नदीच्या गोट्यांखालूनच गरम पाणी येतं, पात्रात फावड्याने खड्डा केला की आपलं कुंड तयार, फार गरम झालं तर नदीचं पाणी सोडायचं. इथे उघड्यावर पोहण्याचा ड्रेस चालतो, हे मी बायकांसाठी मुद्दाम लिहितेय. कारण इतर ठिकाणी चालत नाही. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण आत कपडे न घालता जायचं असतं आणि आपल्या बहुतेक बायका तिथेच माघारी फिरतात. मी सांगते, आत कोणी कोणाकडे बघत नाही, म्हाताऱ्या आज्या, शाळेतल्या पोरी सगळ्या निवांत बसलेल्या असतात. तरी नकोच वाटलं तर कुटुंबासाठी तासावर मिळणारं वेगळं कुंड बऱ्याच ठिकाणी असतं, नाहीतर नुसते पाय सोडून बसायची फुकटातली सोय बघा.

आत जाण्याआधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंग धुवायचं, साबण नीट काढायचा, मग कुंडात. केस वर बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पाणी ४०-४२ डिग्री असतं, दहा मिनिटांनी बाहेर या, पाणी प्या. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जावं, दारू पिऊन तर अजिबात नाही. जोडवी, पैंजण आधीच काढून ठेवा, गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. आणि गोंदणाचं विचारून घ्या, टॅटू असलेल्यांना अनेक ठिकाणी आत सोडत नाहीत, आईच्या मनगटावरचं तुळशीचं गोंदण त्यांच्या लेखी टॅटूच, ते लहान असेल तर काही ठिकाणी वर चिकटवायला पट्टी चालते. किनोसाकी नावाच्या गावात सात सार्वजनिक कुंडं आहेत, तिथे मात्र टॅटू चालतो.

र्‍योकानमध्ये म्हणजे त्यांच्या जुन्या पारंपरिक पद्धतीच्या हॉटेलात राहिलात तर भाडं बहुतेक माणशी असतं, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून. जेवण संध्याकाळी सहा-सातलाच, उशिरा पोचलात तर ताट गेलं. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाचं तिकडे काही अडत नाही, भात आणि भाजलेला बांगड्याच्या जातीचा मासा सकाळीच समोर येतो. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा, कारण नुसत्या भाजीच्या सारातसुद्धा वाळवलेल्या माशाचं पाणी असतं.

हे सगळं लिहायचं खरं कारण आता सांगते. जपानात नोझावा म्हणून गाव आहे, तिथे १३ सार्वजनिक कुंडं फुकट आहेत, दारात फक्त दानपेटी, आणि ती सगळी गावकरी आपापसात पाळ्या लावून साफ ठेवतात, पिढ्यान्‌पिढ्या. बाकी ठिकाणीही पाहुण्याकडून साधारण १५० येन आंघोळीचा कर घेतात आणि तो झऱ्यांच्या देखभालीला, स्वच्छतेला, पर्यटनाच्या सोयींना लावतात. आमच्या भागातल्या एका कुंडावर मी लहानपणापासून जातेय, तिथे आज शाम्पूच्या पुड्या तरंगतात, लोक साबण लावून थेट कुंडात उतरतात आणि बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. आपल्याकडे ज्वालामुखी नाही, पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं, असे झरे पालघरपासून राजापूरपर्यंत ओळीने आहेत, वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळ सव, दापोलीत उन्हवरे. वाकायामाच्या त्या भागातही जिवंत ज्वालामुखी नाही, तरी यात्रेकरूंचं एक ओढ्यातलं कुंड त्यांनी जगाच्या यादीत नेऊन ठेवलं. आपल्याला आधी एवढंच करता येईल, कुंडाच्या बाहेर चार नळ, एक मोरी, एक आडोसा, आणि साबण बाहेरच लावा अशी मराठीत मोठी पाटी. देखभालीला माणशी दहा रुपये घेतले तर कोणी नाही म्हणणार नाही असं मला वाटतं. जे जपानला जाऊन आलेत त्यांनी आपापल्या ग्रामसभेत हे बोलावं, मी माझ्या गावच्या सभेत अर्ज देतेय.

पत्र लांबलंय, जागा कमी असेल तर शहरांचा भाग कापा, आंघोळीचा आणि कुंडांचा मात्र ठेवा.

आपली,
एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी