विमान पडू दे, मुक्ता

चि. मुक्ता हिला अनेक आशीर्वाद.

धुळ्याच्या गाडीत ते लांब खोके मांडीवर आडवे धरून तू बसलीस तेव्हा बोलायला वेळ उरला नव्हता, आणि आदल्या रात्री जेवताना निघालेला विषय तसाच अर्धवट राहिला. फोनवर तू माझे वाक्य पुरे होऊ देत नाहीस, म्हणून कागद घेतला आहे. मनात राग नाही. २६ जानेवारीला मैत्रिणीच्या साक्रीकडच्या गावच्या शाळेत झेंडावंदन झाल्यावर मुलांसमोर तू जोडलेले ते रिमोटवरचे छोटे जेट उडवायचे तू ठरवले आहेस, आणि त्याचे पहिले उड्डाणही तेच असणार आहे, हे ऐकल्यापासून एकच गोष्ट मला झोपू देत नाही. तेवढीच लिहायची आणि थांबायचे, असे ठरवून बसलो आहे.

आधी हे सांगतो की तुझे काम मी बारकाईने पाहिले आहे. आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसायाचा निदेशक म्हणून मी नोकरीभर मुलांचे सोल्डरिंगचे सांधे तपासत आलो आणि करडा, दाणेदार सांधा दिसला की तो उकलून पुन्हा करायला लावत आलो. मोटरचा वेग ठरवणाऱ्या ईएससीच्या जाड तारांना तू जोडलेला कनेक्टर मी भिंगातून पाहिला. सोल्डर तारेच्या आतपर्यंत मुरलेले आहे, सांधा चकचकीत आहे आणि वरची नळी नीट आवळून बसली आहे. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे पंखा पूर्ण जोरात असताना, त्या तारांतून ६० ते ७० अँपिअर प्रवाह जाणार आहे. तिथे कच्चा सांधा असता तर तो पहिल्याच मिनिटात तापून सुटला असता. पंखातल्या कार्बनच्या दांड्या, सर्वो या छोट्या मोटरपासून एलेरॉनपर्यंतच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पातीपर्यंतच्या सळया, फोमला न खाणारा गोंद, सारे काही मापात आहे. आमच्या वर्गातल्या हुशार मुलांनाही एवढी स्वच्छता जमत नसे. तुझ्या आईला मी हे रात्रीच सांगितले, तुझ्यासमोर सांगायचे राहिले.

पण विमान जोडणे वेगळे आणि वेळ आल्यावर विमान हातचे जाऊ देणे वेगळे. पहिले तुला येते. दुसरे तुला जमेल का, हीच माझी काळजी आहे.

तुझे जेट जवळजवळ २ किलोचे आहे आणि ताशी १०० किलोमीटरने सहज जाते, असे तूच सांगितलेस. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. कोणतीही वस्तू सुमारे ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून सोडली, तर जमिनीजवळ पोहोचताना तिचा वेग साधारण एवढाच असतो. फोम मऊ असतो हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. पण त्या फोमच्या पोटात अर्ध्या किलोहून जड बॅटरी आहे, धातूची मोटर आहे आणि मिनिटाला ४०,००० च्या आसपास फेरे घेणारा पंखा आहे. शाळेची मुले तू धावपट्टीपासून ३० मीटरवर बसवणार आहेस. मुक्ता, ३० मीटर म्हणजे एक सेकंद. त्या एका सेकंदात तुला विमान कसे वाचवावे हे सुचेल, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

तू आठ-नऊ वर्षांची असतानाची संक्रांत तुला आठवत असेल की नाही, कोण जाणे. तुझा हिरवा पतंग जिजीच्या घरावरून जाणाऱ्या ११ केव्हीच्या तारेला अडकला होता आणि तू ओला वेळू घेऊन पत्र्यावर चढली होतीस. मी अंगणातून ओरडत होतो. खाली बघून तू मला म्हणालीस, "नाना, थोडाच राहिला आहे." तुझा वेळू आणि ती तार यांत हातभरसुद्धा अंतर नव्हते. कोणीतरी मागून तुझ्या परकराचा काठ धरला आणि ओढले, म्हणून आज मी हे पत्र लिहू शकतो आहे. पतंग दोन रुपयांचा होता. हे जेट तू शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांचे आहे, मग त्याच्यासाठी तू किती पुढे जाशील, हा विचार माझ्या मनातून हलत नाही. हा तुझा दोष म्हणून सांगत नाही. वासरू गाळात रुतले होते तेव्हा याच स्वभावाने तू ते बाहेर काढलेस आणि सगळ्या गल्लीने तुझे कौतुक केले. पण जेटला हा स्वभाव चालत नाही, आणि त्याचे कारण जेटच्या बांधणीतच आहे.

तुझ्या आधीच्या विमानाला पुढे पंखा होता; त्याचा वारा शेपटीवरून जात असे, म्हणून वेग कमी असतानाही एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची पाती, थोडेफार ऐकत असे. जेटचा पंखा पोटातल्या नळीत असतो आणि त्याचा झोत मागून निघून जातो, त्यामुळे पंख आणि शेपूट दोन्ही फक्त विमानाच्या स्वतःच्या वेगावर काम करतात. थ्रॉटल वाढवल्यावर पंख्याला फेरे पकडायला क्षणभर लागतो आणि विमानाला वेग घ्यायला त्याहून अधिक लागतो. म्हणजे जेट हळू झाले, नाक वर उचलले गेले, आणि ते पडेल या भीतीने तू हातातल्या ट्रान्समीटरवरची काडी आणखी मागे ओढलीस, तर ते वर येणार नाही. एका पंखावर कलंडेल आणि कोणत्या बाजूला जाईल ते तुझ्या हातात राहणार नाही. उंची असेल तर काडी पुढे सोड, नाक खाली जाऊ दे, वेग येऊ दे. उंची नसेल आणि नाक माणसांकडे वळत असेल, तर थ्रॉटल बंद कर आणि ते समोरच्या शेतात पडू दे. कापसाच्या पऱ्हाट्यांत पडून त्याचे तुकडे झाले तरी चालतील. तुकडे मी भरून देईन.

पुन्हा तेच लिहिले. व्याख्यान झाले असेल तर क्षमा कर. वर्गात तीस मुले समोर असताना एकच वाक्य तीनदा सांगायची लागलेली सवय जात नाही.

उड्डाणापूर्वीच्या तपासणीबद्दल तुला सांगायची गरज नसावी, पण माझ्या समाधानासाठी एवढे कर. गुरुत्वमध्य पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, उडताना असते तीच बॅटरी तिच्या जागी ठेवून, पंखाखाली दोन बोटे धरून पाहा. शेपूट जड असेल तर पुढचे काही करूच नकोस, बॅटरी पुढे सरकव. विमानाच्या मागे उभी राहून काडी उजवीकडे ने आणि उजवे एलेरॉन वर, डावे खाली जाते ना ते मोठ्याने म्हणून बघ. काडी मागे ओढल्यावर एलिव्हेटरची मागची कड वर आली पाहिजे. विमानाला आपोआप सावरणारा जायरो तू बसवला आहेस, त्याची दिशा मात्र वेगळी तपासावी लागते: विमान हातात धरून उजवा पंख खाली झुकवला की उजवे एलेरॉन आपोआप खाली गेले पाहिजे. ते वर गेले तर जायरो विमानाला सावरण्याऐवजी उलथवील, आणि हे काड्या हलवून कळत नाही. त्यानंतर मैत्रिणीला विमान घट्ट धरायला सांग, पंख्याच्या तोंडासमोर आणि मागे कोणी नको, थोडा थ्रॉटल दे आणि ट्रान्समीटर बंद कर. पंखा लगेच थांबला पाहिजे. तो चालू राहिला तर फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर पंखा थांबवणारी सोय, चुकीचे बसले आहे, आणि असे विमान संपर्क तुटल्यावर आपल्याच मर्जीने जाईल. आधी ट्रान्समीटर चालू, मग बॅटरी. काढताना आधी बॅटरी, मग ट्रान्समीटर, हा क्रम मोडू नकोस. ओढणी त्या दिवशी घरी ठेव. हवा आत ओढणाऱ्या त्या तोंडाजवळ सैल कापड, दोरा, खडा काहीही नको.

लिपोबद्दल, म्हणजे त्या लिथियम पॉलिमर बॅटरीबद्दल, एकच. ४,००० एमएएचची बॅटरी ४ अँपिअरनेच, सगळे सेल सारखे भरणारी बॅलन्सची वायर लावून, फरशीवर चार्ज कर आणि ती पूर्ण होईपर्यंत खोलीतून हलू नकोस. वसतिगृहाच्या गादीवर ती ठेवलेली मला फोटोत दिसली होती. सहा सेलची ती बॅटरी पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्टची असते. वापरायची नसेल तेव्हा सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेव. आणि विमान पडलेच, तर धावत जाऊन ते उराशी धरू नकोस. थ्रॉटल बंद आहे ना ते आधी पाहा, जाऊन बॅटरी काढ, आणि तिला मार बसला असेल, ती फुगली किंवा तापली असेल, तर उघड्या जागी रेतीवर ठेवून लांब उभी राहा. मार बसलेला सेल काही वेळ गप्प राहून मग पेट घेतो. ती आग वाळूची बादली जवळ असली तरी लवकर विझत नाही, म्हणून जवळ जाण्याचाच मोह नको.

साक्रीकडच्या वाऱ्याचे तू मनावर घेत नाहीस असे मला वाटले. ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत त्या तिथे वारा आहे म्हणूनच. सकाळी सात-आठ वाजता जे माळरान शांत दिसते, तेच झेंडावंदन, भाषणे आणि बिस्किटे वाटून होईपर्यंत दहा-साडेदहाला वेगळे असेल. विजेच्या तारा कुठून जातात हे आदल्या दिवशी चालत जाऊन पाहून ठेव. आकाशाच्या पार्श्वभूमीवर तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहे असे धर.

ड्रोन नियम, २०२१ तू वाचले आहेस, मी छापून घेतलेली प्रत खोक्यात ठेवली आहे. २५ किलोपर्यंतचे, छंदासाठी उडवलेले आणि डोळ्यांसमोर ठेवलेले मॉडेल त्यात बसते, हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत मुभा आहे, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही. म्हणून सरावासाठीसुद्धा धुळ्याच्या गोंदूर विमानतळाच्या बाजूला जाऊ नकोस. तिथे शिकाऊ वैमानिक खऱ्या विमानांत बसलेले असतात. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एखादा स्थानिक आदेश निघालेला असू शकतो, तेव्हा पोलीस पाटलांना आधी विचार.

शिकाऊ वैमानिकांवरून आठवले. आपल्या चोपडा तालुक्यात वर्डीच्या जंगलात जुलै २०२१ मध्ये प्रशिक्षणाचे विमान कोसळले, तेव्हापासून तुझी आई विमानाचा आवाज आला की अंगणात येते. शिकवणारा वैमानिक गेला, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली, आणि पाड्यावरच्या आदिवासी बायामाणसांनी लुगड्याची झोळी करून तिला पावसाच्या चिखलातून रस्त्यापर्यंत आणले. ती मुलगी तुझ्याहून फार मोठी नव्हती. तू खेळण्यातले विमान जमिनीवर उभी राहून उडवतेस, दोन्हींची तुलना होत नाही, हे मला कळते. आईला ते कळत नाही असेही नाही. जिजीने मात्र तू गेल्यावर मला विचारले, "ते इमान कोना डोकावर पडनं तं काय करशी?" मी तिला सांगितले की मुक्ता ते माणसांवर कधीच आणणार नाही. तुझ्या वतीने मी दिलेला हा शब्द आता तुझ्याकडे आहे.

म्हणून माझे मागणे असे आहे. पहिले उड्डाण मुलांसमोर करू नकोस. त्याच माळावर आधीच्या रविवारी, सकाळी, कोणी नसताना कर. ट्रान्समीटरवर तीन मिनिटांची घंटा लाव, बॅटरीत पाव भाग शिल्लक असतानाच उतरव, आणि ते कोणत्या वेगाला ऐकेनासे होते हे वर, भरपूर उंचीवर असताना एकदा बघून घे. त्या सकाळी ते नीट गेले तर २६ तारखेला मुले पाहतीलच. त्यांना धावपट्टीच्या एकाच बाजूला, तुझ्या पाठीमागे, निदान ६० मीटरवर बसव. मधे फक्कीची रेघ मार आणि त्या रेघेच्या अलीकडे विमान एकदाही येणार नाही असे मनाशी ठरव. रेघेकडे वळले की थ्रॉटल बंद. विचार करायचा नाही, वाचवायचे नाही. हे ठरवायचे ते आजच, काड्या हातात असताना ठरवता येत नाही.

रविवारी मी येतो. उडवणाऱ्याची नजर विमानावर असते, म्हणून माणसांकडे, गुराख्यांकडे आणि रस्त्याकडे बघायला शेजारी एक जण लागतो. ते काम मी करीन आणि मधे एक शब्द बोलणार नाही. फक्त "माणूस" असे म्हणालो तर तू दुसऱ्या बाजूला वळव. पहाटेच्या गाडीने निघालो तर धुळ्यात मला किती वाजता कुठे उभे राहायचे ते कळव. आईने कळण्याचे पीठ आणि मिरच्यांचा ठेचा बांधून ठेवला आहे, तो सोबत आणतो. पऱ्हाट्या अजून उभ्या आहेत की उपटल्या, हे मैत्रिणीच्या काकांना विचारून ठेव.

तुझे,
नाना