गुंडूच्या उन्हाळ्याविषयी मित्रास पत्र

फोंडा, गोवा
दि. १४ एप्रिल

प्रिय सदानंद यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. इतकी वर्षे नागपुरात काढून तू अखेर ताळगावात घर केलेस, वहिनींना समुद्राची हवा मानवली आणि तुमचा कुत्रा गुंडूही तुमच्याबरोबर सुखरूप आला, हे वाचून फार बरे वाटले. मात्र पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडलो, आणि त्या वाक्यासाठीच आज सवडीने लिहायला बसलो आहे. तू लिहितोस, ‘नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत ज्याने चार उन्हाळे काढले, त्याला गोव्याच्या चौतीस अंशांचे काय भय?’ गेल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत मीही असेच म्हटले असते. आता म्हणवत नाही.

माणसाला अंगभर घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याला ही सोय नाही. त्याच्या पंजांच्या तळव्यांना थोडा घाम येतो, पण अंग निववण्याच्या कामी त्याचा उपयोग नसल्यासारखाच. त्याचा सगळा भरवसा धापेवर असतो. मिनिटाला तीनशेहून अधिक वेळा श्वास आत-बाहेर करून तो जीभ, तोंड आणि नाक यांतल्या ओलाव्याची वाफ करतो, आणि त्या वाफेबरोबर अंगातली उष्णता बाहेर जाते. पण वाफ होण्यासाठी हवेत जागा लागते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे हवा अक्षरशः तहानलेली असते आणि तुझ्या गुंडूची धाप फुकट जात नाही. आपल्याकडे त्याच दिवसांत, त्याच वेळी, आर्द्रता साठ-सत्तर टक्के असते. कपडे दोरीवर दुपारभर ठेवूनही दमट राहतात, मीठ बरणीत ओलावते, त्या हवेत कुत्र्याची धाप नुसती चालू राहते, आणि वर त्या धापेचे श्रम त्याच्या अंगात आणखी उष्णता निर्माण करतात. म्हणून गोव्यात पारा किती चढला हे पाहून कुत्र्याला बाहेर काढायचे की नाही हे ठरवता येत नाही.

त्यातून गुंडू पग, म्हणजे चपट्या नाकाच्या जातीचा. लांब नाकाच्या कुत्र्याला वाफ करण्यासाठी नाकात जेवढी ओली जागा मिळते तेवढी याच्या नाकात नाही, आणि ती निसर्गाने नव्हे, माणसाच्या हौसेने हिरावली आहे. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतील लाखो कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०२० साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लॅब्रॅडॉरच्या तुलनेत पगला उष्माघाताचा धोका सुमारे तिप्पट आढळला. वहिनींनी ताजा कलम म्हणून लिहिले आहे की इथे आल्यापासून गुंडू झोपेत पूर्वीपेक्षा मोठ्याने घोरतो. ती गमतीची गोष्ट समजू नकोस. त्याचा घसा आधीच अरुंद असतो, आणि सतत धापून आतला मऊ भाग सुजला की तो आणखी अरुंद होतो. डॉक्टरांना एकदा त्याचा घसा आणि नाकपुड्या दाखवून घे.

आता आमच्या कुत्र्याचे, काळूचे सांगतो. हे मी तुला पूर्वी फोनवर दोन वाक्यांत सांगितले होते, सगळे सांगण्याचे धैर्य तेव्हा झाले नव्हते.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. दुपारी साडेचारची वेळ, आभाळ भरून आलेले, ऊन मुळीच नव्हते, आणि पाऊस येणार येणार म्हणून सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेले. भिंतीवरचा पारा बत्तीस दाखवत होता. ऊन नाही म्हणजे चिंता नाही, असे समजून मी काळूला देवळामागच्या मैदानावर नेले आणि वीस-पंचवीस मिनिटे चेंडू टाकत राहिलो. काळू आठ वर्षांचा, लॅब्रॅडॉरच्या मिश्र जातीचा. चेंडू टाकणारा थकेल पण तो थांबणार नाही, असा त्याचा स्वभाव. वारा पडलेला होता, झाडाचे पान हलत नव्हते. परतताना तो वाटेतच बसला. जीभ नेहमीपेक्षा रुंद होऊन टोकाशी वर वळली होती, लाळेच्या दाट तारा छातीपर्यंत लोंबत होत्या, आणि ओठ उचलून पाहिला तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या. उठवले तेव्हा मागचे पाय एकमेकांत अडकू लागले. मी हाक मारली, पण त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो माझ्या पलीकडे कुठेतरी पाहत होता. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

घरी आणल्यावर आई म्हणाली, विहिरीचे पाणी ओत त्याच्यावर. मी तिचे ऐकले नाही. मला वाटले, वेळ घालवू नये, आधी दवाखाना गाठावा. मी एक मोठा टॉवेल ओला करून त्याच्या अंगाभोवती घट्ट गुंडाळला आणि गाडी काढली. दवाखान्यात पोहोचायला पंचवीस मिनिटे लागली. डॉक्टरांनी टॉवेल उचलला आणि माझा हात धरून त्याच्या आतल्या बाजूला लावला. टॉवेल गरम झाला होता. जे मी थंडावा म्हणून गुंडाळले होते त्याची दुलई झाली होती. थर्मामीटरने १०६.८ दाखवले. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यांनी त्याला लादीवर आडवा करून बादलीने पाणी ओतायला आणि पंख्याचा झोत द्यायला सुरुवात केली, आणि ओतता ओतताच मला म्हणाले, हे घरीच करून मग निघाला असता तर पंचवीस मिनिटे वाचली असती. तीन दिवस सलाईन चालले, मूत्रपिंड आणि यकृत यांच्यासाठी रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा झाल्या. काळू वाचला. पण आता त्याला उकाडा मुळीच सहन होत नाही, आणि एकदा उष्माघात झालेल्या कुत्र्याला तो पुन्हा होण्याची भीती अधिक असते, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

म्हणून तुला पहिली गोष्ट हीच सांगतो: आधी निववायचे, मग न्यायचे. गुंडूची धाप सावलीत बसवूनही पाच-दहा मिनिटांत उतरत नसेल, हिरड्या लाल दिसत असतील, तो झोकांड्या खात असेल किंवा ओकत असेल, तर तिथल्या तिथे त्याच्यावर पाणी ओतायला लागायचे. मान, पोट, जांघा, पंजे सगळे भिजले पाहिजे, आणि ओल्या अंगावर पंखा लावायचा. पाणी बर्फाचे शोधत बसू नकोस, जे हाताशी अंगाहून थंड असेल ते चालते. मात्र छपरावरच्या काळ्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते, ते आधी पाहून घे. आमच्याकडे विहीर आहे, तुझ्या इमारतीत नाही, म्हणून उन्हाळाभर न्हाणीघरात दोन बादल्या भरून ठेवत जा. डोके वर धरायचे, नाकातोंडात पाणी जाऊ द्यायचे नाही. शुद्धीवर असेल आणि स्वतःहून प्यायला तर पिऊ दे, पण घशात ओतू नकोस. तापमान १०३ वर आले की ओतणे थांबव, नाहीतर अंग गरजेपेक्षा अधिक गार पडते. तापावरची माणसाची गोळी चुकूनही देऊ नकोस. हा ताप नव्हेच, तिचा काही उपयोग होत नाही आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखे बाधते. हे सगळे करताना दुसऱ्या कोणीतरी डॉक्टरांना फोन लावावा, आणि गुंडू सावरला असे वाटले तरी त्याला दाखवून आणावे, कारण आतली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडी पडते.

आता फिरण्याचे. तू संध्याकाळी पाच वाजता त्याला मिरामारच्या किनाऱ्यावर नेतोस असे लिहिले आहेस. पाच वाजता वारा सुटतो हे खरे, आणि तुला बरेही वाटत असेल, पण तो वारा तुझा घाम वाळवतो. गुंडूचे केस कोरडे असतील तर त्याला त्याचा फायदा फार थोडा. शिवाय तो तुझ्या गुडघ्याइतकाही उंच नाही, म्हणजे दिवसभर तापलेल्या वाळूची आणि डांबराची आच थेट त्याच्या पोटाला लागते. हवा तीसच्या घरात असली तरी उन्हातले डांबर पन्नास अंशांच्या वर सहज जाते, आणि सूर्य मावळल्यावरही ते लगेच निवत नाही. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकव आणि सात सेकंद ठेवून पाहा. तुला ठेववत नसेल तर त्याचे पंजेही तिथे टेकवू नयेत. सध्या आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेसातनंतर निघावे. सकाळी उजाडताच नेलेस तर जमीन थंड मिळेल, मात्र सकाळी दमटपणा सर्वांत अधिक असतो हे लक्षात ठेवून चाल संथ ठेव. पणजीतल्या कांपालच्या जुन्या झाडांखालची पंधरा मिनिटे त्याला पुरेत. एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या दिवशी नुसते खाली उतरवून लघवी-शी करवून परत आणलेस तरी त्याचे काही बिघडणार नाही. वास हुंगू दिला, घरातच एखादी वस्तू लपवून शोधायला लावली, की त्याचा जीव रमतो. ब्रिटनमधल्या अशाच नोंदींवरून त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात उष्माघाताच्या सुमारे तीन चतुर्थांश घटना श्रमामुळे, म्हणजे फिरवताना आणि खेळवताना, घडलेल्या आढळल्या. काळूचेही तेच झाले.

समुद्राचे पाणी त्याला पिऊ देऊ नकोस, मीठ पोटात जाऊन ओकाऱ्या आणि जुलाब होतात. गळ्यातला पट्टा काढून छातीवर बसणारा हार्नेस घाल. पट्ट्याचा ताण नेमका त्याच्या श्वासनळीवर पडतो.

गाडीविषयी मला कठोरपणे लिहावे लागत आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाताना काचा चार बोटे उघड्या ठेवून तू गुंडूला गाडीत ठेवलेस, तेही दहाच मिनिटे, असे तू सहज लिहून गेलास. सदानंद, पुन्हा असे करू नकोस. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या मोटारीच्या आतले तापमान तासाभरात सरासरी बावीस अंश सेल्सिअसने वाढलेले दिसले, त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मासळी घ्यायला लागणाऱ्या दहा मिनिटांची वीस कशी होतात, हे तुला ठाऊक आहे.

घरातली तुझी नागपुरी सवयही एक बदलावी लागेल. तिथला कूलर कोरड्या हवेत गारवा देतो. इथे बंद खोलीत तो लावलास तर हवा आणखी दमट होईल आणि गुंडूला अधिकच धापा लागतील. पंखा, उघडी खिडकी, निजायला उघडी लादी आणि दुपारी त्याच्या पोटावरून व पंजांवरून ओला हात, एवढे पुरते. फार उकडत असेल तेव्हा एसी चालू ठेव, आणि वीज गेली की लगेच लक्ष घाल. पाण्याची भांडी दोन ठेव; किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर हा दिवसाचा साधारण अंदाज, उन्हाळ्यात त्याहून अधिक लागते. आणि रागावू नकोस, पण पगने आठ किलोच्या आत असावे. तू कौतुकाने अकरा लिहिले आहेस. त्या चरबीच्या थराखाली अंगातली उष्णता कोंडून राहते. वहिनींच्या हातची पोळी त्याला आवडते हे मी जाणतो, तरीही ती थांबवावी. आंब्याचे दिवस आहेत, बाठा त्याच्या तोंडी लागणार नाहीत अशा टाका. आतड्यात अडकल्या तर शस्त्रक्रियेची वेळ येते. उकाड्यात गोचीडही वाढतात आणि त्यांच्यापासून येणारा ताप वाईट असतो, तेव्हा कान आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहत जा.

तुमच्या फाटकापाशी दोन गावठी कुत्री दुपारी पडून असतात, असे वहिनींनी लिहिले आहे. त्यांच्यासाठी सावलीत एक रुंद, जड मातीचे भांडे ठेवा, सहजी कलंडणार नाही असे. पाणी रोज सकाळी बदलावे, नाहीतर डास होतात. आमच्या पडवीबाहेर जुनी दगडी डोणी आहे. काळू स्वतः त्यात पितो आणि वाडीतल्या कुत्र्यांनाही पिऊ देतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येईल, तोवरचे सात-आठ आठवडे जपायचे आहेत. येत्या रविवारी मी सकाळी सहाला ताळगावला पोहोचतो. गुंडूच्या छातीचे माप दोरीने घेऊन मला फोनवर कळव, म्हणजे इथून हार्नेस घेऊन येईन. थर्मामीटरही आणतो आणि तो कसा लावायचा ते तुला व वहिनींना दाखवतो. मी येईपर्यंत संध्याकाळी पाचचे मिरामार बंद ठेव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विश्वास