हॅलोविनचं मूळ गाव आयर्लंड

महोदय,

ऑक्टोबर संपत आला की मराठी वृत्तपत्रांत हॅलोविनवर मजकूर येतो. त्यात हा सण ‘अमेरिकी’ असतो आणि शेजारी कोरलेल्या भोपळ्याचं छायाचित्र असतं. यंदा आपल्या पुरवणीतही तेच छापून आलं. भोपळा अमेरिकेचा हे मान्य, सण मात्र आयर्लंडचा आणि स्कॉटलंडच्या गेलिक मुलखाचा. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं अमेरिकेला गेली आणि ही रात्र तिकडे चांगलीच रुजली. आयर्लंडात या रात्री सलगम कोरून त्याचा कंदील करत, तिथे त्यांना सलगमऐवजी भोपळा सापडला. तो मोठा, स्वस्त आणि कोरायला मऊ, त्यामुळे सलगम मागे पडला.

जुन्या आयरिश कालगणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होई. म्हणून ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ हीच हिवाळ्याची सुरुवात, म्हणजे ‘साउइन’. गुरं डोंगरावरून खाली आणायची, सुगी आटोपलेली असायची. मीथ परगण्यात अथबॉयजवळची ट्लाख्तगा टेकडी या रात्रीच्या अग्नीसाठी प्रसिद्ध आहे. ड्रुइड पुरोहितांच्या भयंकर विधींबद्दल जे रंगवून लिहिलं जातं, ते मात्र जपून छापावं. साउइनबद्दलचं आयरिश लिखाण ख्रिस्ती मठांत, पुष्कळ नंतर झालं आहे. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती वाचकांना पुढचा धागा ठाऊकच आहे: १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर मृतांचा, त्या दिवशी दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या. हॅलोविन ही त्या संतदिनाची आदली संध्याकाळ.

सलगमचा कंदील करून पाहायचा असेल तर भारतातला छोटा पांढरा सलगम उपयोगाचा नाही. आयर्लंडमध्ये ‘टर्निप’ म्हणून विकतात तो जांभळट सालीचा, पिवळ्या गराचा, १२ ते १५ सेंटिमीटर रुंद कंद हवा. साल काढू नये. बूड थोडं कापून सपाट करावं, नाहीतर कंदील कलंडतो. वरून दोन सेंटिमीटर जाडीचं झाकण कापावं. मग आतल्या गरावर सुरीने उभ्या-आडव्या चिरा पाडून जाड धातूच्या चमच्याने तो खरवडावा. साधा चमचा हमखास वाकतो. भिंत एक ते दीड सेंटिमीटर ठेवावी. जाड राहिली तर उजेड बाहेर येत नाही आणि फार पातळ झाली तर दुसऱ्याच दिवशी चेहरा आत बसतो. डोळे-दात पोकळ केल्यावरच कापावेत. झाकणाला दोन भोकं पाडायला विसरू नये, हवा नसली की मेणबत्ती विझते. आतून करपट वास येतो, तो येणारच. दोन-तीन दिवसांत कंद सुरकुततो आणि चेहरा आणखी भेसूर होतो, हा फायदाच म्हणायचा. निघालेला गर उकडून लोणी-मिरपूड घालून खातात. असा जुना कंदील कसा दिसे हे पाहायचं तर मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय ग्रामजीवन संग्रहालयात डोनेगलच्या एका कंदिलाचा प्लास्टरचा साचा आहे. त्याच्यापुढे भोपळा अगदीच गोजिरवाणा वाटतो.

खाण्याचा तर मराठी लेखांत उल्लेखही नसतो. या रात्री घरोघरी बार्मब्रॅक हवा. हा मनुका-बेदाण्यांचा गोड पाव. त्यात पूर्वी अंगठी (लग्न), नाणं (पैसा), चिंधी (दारिद्र्य) आणि वाटाणा (यंदा लग्न नाही) दडवत; ज्याच्या तुकड्यात जे निघेल ते त्याचं भाकीत. बेकरीच्या ब्रॅकमध्ये आता बहुधा अंगठीच उरली आहे. यीस्टचा ब्रॅक वेळखाऊ असतो, चहाचा सोपा. ३५० ग्रॅम मनुका-बेदाणे आणि १५० ग्रॅम ब्राउन शुगर ३०० मिलिलिटर गरम, कडक, बिनदुधाच्या चहात रात्रभर भिजवावेत. सकाळी एक अंडं, २५० ग्रॅम मैदा, अडीच चमचे बेकिंग पावडर आणि चमचाभर दालचिनी-जायफळ मिसळून १६० अंशांवर सव्वा ते दीड तास भाजावं. लोणी किंवा तेल घालायचं नाही. घाईने तासाभरात भिजवलं तर चहा फळांत मुरत नाही, पीठ पातळ होतं आणि मनुका तळाला बसतात. अंगठी बेकिंगच्या कागदात गुंडाळून भाजल्यानंतर खालून खोचावी, आणि खाणाऱ्यांना आधी सांगावं. गरम असताना कापला तर ब्रॅकचा भुगा होतो. थंड झाल्यावर गुंडाळून एक दिवस ठेवला की चांगला मुरतो.

मुलं वेषांतर करून खाऊ मागायला दारोदार जातात ती साधारण साडेपाच ते आठ. डब्लिनमध्ये तेव्हा पाचच्या आतच सूर्यास्त होतो. ज्या घराला सजावट वा दिवा नाही, ते दार वाजवायचं नाही. खाऊ सुटा नको, वेष्टणातला हवा. स्कॉटलंडमध्ये मुलाने गाणं किंवा विनोद सादर केल्याशिवाय काही मिळत नाही आणि ही पद्धत आम्हाला जास्त पटते. मोठ्यांचा उत्सव पाहायचा तर उत्तर आयर्लंडमधलं डेरी शहर गाठावं. तिथे १९८६ पासून सारं गाव वेषांतर करून रस्त्यावर उतरतं.

शेवटची गोष्ट आयर्लंडला नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी. हॅलोविन आणि दिवाळी अनेकदा एकाच आठवड्यात येतात (२०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं) आणि त्या दिवसांत आकाशात फटाके दिसतात. त्यावरून ते कायदेशीर आहेत असं समजू नये. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात पार्टी पॉपरसारखे अगदी कमी धोक्याचे प्रकार सोडले तर सामान्य माणसाला फटाके बाळगताही येत नाहीत. विक्रीसाठी किंवा दुसऱ्याला देण्यासाठी बाळगले तर १०,००० युरोपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उत्तर आयर्लंडमध्ये परवाना लागतो, पण तिथून घेतलेले फटाके गाडीत घालून दक्षिणेत आणणं हाही गुन्हाच. अंगणात टायर-लाकडं पेटवणंही इथे बेकायदा आहे. पणत्या आणि आकाशकंदिलाला कुणाची हरकत नाही.

– आयर्लंडमधील काही मराठी वाचक, डब्लिन